गंज टळेल, पण पुलांच्या थकव्याचे काय?

५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम दीड दशकाचे होते. काँक्रीटच्या आतील पूर्वताणित पोलादी तारांना खाऱ्या हवेने गंज चढवला होता. बाहेरून धडधाकट दिसणारा पूल आतून पोखरला गेला आणि पणजी-पर्वरीच्या प्रवाशांना पुन्हा फेरीबोटींचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर ३९ वर्षांनी, ९ जुलै २०२५ रोजी, गुजरातेत मही नदीवरील गंभीरा पुलाचा एक गाळा वाहनांसह नदीत गेला आणि किमान २० जणांचा बळी गेला. १९८५ साली बांधलेल्या या पुलाचा भार वाहणारा सांधाच चिरडला गेल्याचे प्राथमिक चौकशीत सांगण्यात आले. पहिल्या दुर्घटनेच्या मुळाशी गंज होता. दुसरीत वर्षानुवर्षे भार झेलणारा भाग निकामी झाला. देशातील पुलांची दुखणी बहुतांशी या दोन वाटांनी येतात आणि पुष्कळदा दोन्ही वाटा एकाच पुलावर येऊन मिळतात.

या पार्श्वभूमीवर काचतंतूंच्या सळयांकडे देशाचे लक्ष वळले आहे. काचेचे तंतू रेझिनमध्ये बांधून तयार केलेल्या या सळया जीएफआरपी या नावाने ओळखल्या जातात. त्या गंजत नाहीत, वजनाला पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांश असतात आणि तुटेपर्यंत पेलू शकणाऱ्या ताणाच्या हिशेबात नेहमीच्या बांधकाम-सळईच्या पुढे जातात. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सळयांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. रस्ते प्रकल्पांतील वापरासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनाही आल्या आहेत. देशाच्या किनारपट्टीची लांबी नव्या मोजणीनुसार ११ हजार किलोमीटरहून अधिक भरते. एवढ्या मोठ्या खाऱ्या पट्ट्यात न गंजणाऱ्या सळईला मागणी येणे स्वाभाविकच आहे. मात्र पुलाचा रस्ता ज्यावर असतो तो काँक्रीटचा डेक स्लॅब गंजाने जितका झिजतो, तितकाच चाकांनीही झिजतो. तेव्हा नव्या सळईची खरी परीक्षा ती गंजते की नाही एवढ्यावर संपत नाही. कोट्यवधी चाके वरून गेल्यावर स्लॅबची अवस्था काय होते, यावर तिचा निकाल लागणार आहे.

गंज नेमके काय करतो

ताज्या काँक्रीटमधील तीव्र अल्कधर्मी वातावरणामुळे पोलादी सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. समुद्राच्या तुषारांतून, खाऱ्या भरतीच्या पाण्यातून किंवा थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठातून आलेले क्लोराइड तड्यांवाटे आत झिरपते आणि हा थर फोडते. गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने काँक्रीटचे आवरण फुगते, खपल्या निघतात, सळई उघडी पडते आणि गंजाचा वेग आणखी वाढतो. कोकणातील वा केरळातील खाडीपुलांच्या खालून होडीने जाणाऱ्याला तपकिरी ओघळ आणि उघड्या सळया यांचे हे चित्र सहज दिसते.

या दुष्टचक्रातून बाहेर पडण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. रामेश्वरमला जोडणाऱ्या आणि एप्रिल २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पांबन रेल्वे पुलासाठी स्टेनलेस स्टीलच्या सळया वापरण्यात आल्या. इपॉक्सीचा लेप, घट्ट काँक्रीट आणि अधिक जाडीचे आवरण हे उपायही प्रचलित आहेत. काचतंतूंची सळई या पर्यायांपैकी एक आहे. तिच्या बाबतीत गंजाचा प्रश्न सौम्य होत नाही, तो मुळातूनच उरत नाही.

कॅनडाचा धडा

या सळयांचा पुलांवरील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत नोंदबद्ध अनुभव कॅनडाकडे आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर ओतल्या जाणाऱ्या मिठाने तेथील पुलांच्या स्लॅबची दैना केली होती. त्या गरजेतून १९९० च्या दशकात आफताब मुफ्ती, बैदर बख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी कल्पना पुढे आणली: स्लॅबमध्ये पोलाद ठेवायचेच नाही.

तिचा आधार आधीच सिद्ध झालेला होता. दोन गर्डरांच्या मधल्या स्लॅबवर चाक येते तेव्हा स्लॅब साध्या फळीसारखा केवळ वाकत नाही; चाकाखाली काँक्रीटची एक चपटी कमान तयार होते आणि भार या कमानीतून दोन्ही बाजूंच्या गर्डरांकडे जातो. कमानीचे पाय बाजूला सरकू दिले नाहीत, तर स्लॅब गणितातील अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक भार पेलतो. तो अखेर मोडतो तेव्हाही वाकून मोडत नाही. चाकाखालचा काँक्रीटचा तुकडा बुचासारखा आरपार खाली निसटतो. १९७९ च्या ओंटारिओ पूल संहितेने हे वर्तन गृहीत धरून स्लॅबमधील पोलादाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटवले होते. नोव्हा स्कोशिया प्रांतातील सॅमन नदीवर १९९५ मध्ये त्याच्या पुढचे पाऊल पडले. तेथे स्लॅबच्या आत पोलाद नव्हते. कमानीचे पाय जखडण्यासाठी गर्डरांच्या माथ्यावर पोलादी पट्ट्या तेवढ्या होत्या.

हा पूल मजबुतीच्या कसोटीला उतरला. परंतु गर्डरांच्या मधोमध स्लॅबमध्ये लांबवर तडा गेला. भार पेलण्यास अडचण नव्हती, तरीही रुंद तडा म्हणजे पाण्याला मोकळी वाट. पुढच्या पिढीच्या स्लॅबमध्ये म्हणूनच तडे आवरण्यासाठी काचतंतूंच्या सळयांची जाळी आली. या सळयांचे काम त्या अनुभवातून स्पष्ट झाले. स्लॅबचा भार प्रामुख्याने काँक्रीटची कमान वाहते. सळईने ती कमान एकसंध ठेवायची आणि तडे बारीक राखायचे.

काँक्रीटच्या अल्कधर्मी वातावरणात काच टिकेल का, हा त्या काळातील मोठा आक्षेप होता. अल्क काचेला खाते, ही प्रयोगशाळेतील सिद्ध गोष्ट आहे. त्याची शहानिशा करण्यासाठी कॅनडातील पाच प्रत्यक्ष बांधकामांतून पाच ते आठ वर्षांनी काँक्रीटचे गाभे कापून काढण्यात आले. सूक्ष्मदर्शकाखाली आतील काचतंतूंच्या ऱ्हासाच्या खुणा आढळल्या नाहीत. पुढे अमेरिकेत १५ ते २० वर्षे वापरात असलेल्या ११ पुलांमधून सळयांचे नमुने काढण्यात आले. तेथेही एकंदर निष्कर्ष समाधानकारक निघाले. फ्लोरिडातील हॉल्स नदीवरचा पूल तर पायाच्या खांबांपासून स्लॅबपर्यंत न गंजणाऱ्या तंतू-सळया आणि तारा वापरून उभारला गेला. हे तंत्र आता केवळ प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही, हे मान्य करावे लागते.

चाकांची चक्की

तरीही डेक स्लॅबचे आयुष्य केवळ रसायनशास्त्राच्या हाती नसते. पुलाचे खांब आणि गर्डर यांवर येणाऱ्या भारात त्यांचे स्वतःचे वजन मोठे असते. स्लॅबवर मात्र प्रत्येक चाक थेट येते आणि थेट जाते. वर्दळीच्या महामार्गावरील स्लॅब काही दशकांत कोट्यवधी आसांचे आघात झेलतो. एका वेळी सहज पेलला जाणारा भार असंख्य वेळा येत-जात राहिला, तर पदार्थात सूक्ष्म भेगा वाढत जातात आणि अखेरीस तो नेहमीच्याच भाराखाली मोडतो. अभियांत्रिकीत याला थकवा म्हणतात.

हा थकवा मोजण्याची योग्य रीत जपानने दाखवून दिली. तेथे १९६० च्या दशकापासून वाढत्या ट्रकवाहतुकीखाली पुलांचे स्लॅब अकाली फुटू लागले. काही ठिकाणी रस्त्याला आरपार भोके पडली. प्रयोगशाळेत मात्र तसेच स्लॅब लाखो आघात सहज सोसत होते. ओसाका विद्यापीठातील शिगेयुकी मात्सुई यांनी या विसंगतीचा उलगडा केला. प्रयोगशाळेतील दट्ट्या एकाच जागी वर-खाली होत असे. रस्त्यावरचे चाक पुढे सरकते. सरकणाऱ्या चाकाखाली स्लॅबच्या प्रत्येक बिंदूवरील ताणाची दिशा पालटते, तड्याचे दोन्ही काठ एकमेकांवर घासले जातात आणि जात्यात दळल्यासारखे झिजतात. आडवे तडे खोल जातात आणि अखंड स्लॅब हळूहळू शेजारी-शेजारी ठेवलेल्या सुट्या पट्ट्यांसारखा वागू लागतो. मग एखादी पट्टी चाकाखाली निसटते. म्हणूनच स्लॅबची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष चाक फिरवणारे यंत्र वापरले. पुढे कॅनडातील क्वीन्स विद्यापीठातही फिरत्या चाकांची चाचणी-व्यवस्था उभी राहिली.

मात्सुई यांच्या प्रयोगांतून दोन गोष्टी पुढे आल्या आणि दोन्ही भारताला थेट लागू पडतात. पहिली गोष्ट पाण्याची. वरच्या पृष्ठभागावर पाणी साचलेले असेल, तर तड्यांतील पाणी प्रत्येक चाकाच्या दाबाने आत-बाहेर ढकलले जाते, काठांची झीज धुऊन नेते आणि स्लॅबचे आयुष्य कोरड्या स्लॅबच्या तुलनेत अनेक पटींनी घटते. दुसरी गोष्ट भाराची. रस्त्याच्या डांबरी थराची हानी आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हे रस्ते अभियंत्यांना परिचित आहे. काँक्रीटच्या स्लॅबसाठी मात्सुई यांच्या सूत्रातील घातांक १२.७६ इतका मोठा आहे.

या आकड्याचा अर्थ भारतीय संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांचा अनुज्ञेय आसभार वाढवला. चार टायरांच्या एकेरी आसासाठी मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. ही वाढ सुमारे १३ टक्क्यांची आहे. चौथ्या घाताच्या नियमाने डांबरी रस्त्याची प्रत्येक फेरीमागील हानी त्यामुळे सुमारे १.६ पट होते. मात्सुई यांच्या सूत्राने स्लॅबची हानी मात्र साडेचार पटींच्या पुढे जाते. त्याच सूत्राने २० टक्के जादा भार घेऊन जाणारा एक आस नियमाने चालणाऱ्या दहा आसांइतके नुकसान करतो. हे सूत्र पोलादी सळयांच्या जपानी स्लॅबवरून बांधलेले आहे आणि प्रत्येक पुलाला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु दिशा निःसंदिग्ध आहे. आसभारातील थोडी वाढ स्लॅबला फार महाग पडते.

काचतंतूंची अनपेक्षित बाजू

काचतंतूंची सळई या चक्कीत कशी टिकते? वरवर पाहता ती दुबळी ठरायला हवी. तिचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांशच असतो. म्हणजे तितक्याच ताणाखाली ती जवळपास चौपट लांबते. पोलाद मोडण्यापूर्वी ताणले जाऊन इशारा देते. काचतंतू शेवटच्या क्षणापर्यंत सरळ रेषेत ताणले जातात आणि मग एकदम तुटतात. वारंवार येणाऱ्या भाराखाली काचतंतूंचे स्वतःचे सामर्थ्यही क्रमशः घटते.

क्वेबेक प्रांतातील शेरब्रुक विद्यापीठात ब्राहिम बेनमोक्रान आणि सहकाऱ्यांनी पूर्ण आकाराच्या, २०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबवर केलेल्या थकवा-चाचण्यांनी मात्र वेगळे चित्र मांडले. त्या चाचण्यांत काचतंतूंच्या सळयांचे स्लॅब पोलादी सळयांच्या स्लॅबपेक्षा अधिक काळ टिकले. संशोधकांनी याचे कारण ताठरपणाच्या तफावतीत शोधले. पोलाद काँक्रीटपेक्षा फार ताठर असल्याने प्रत्येक आघातात दोघांच्या मिठीच्या जागी मोठा ताण एकवटतो आणि तेथील काँक्रीट भुगा होत जाते. काचतंतूंची सळई काँक्रीटच्या ताठरपणाच्या बऱ्याच जवळ असते. दोघे जवळपास एका लयीत हलतात आणि त्यांची पकड सावकाश सैल होते. शिवाय बहुतेक भार काँक्रीटची कमान वाहत असल्याने सळईच्या वाट्याला तिच्या क्षमतेचा लहानसा अंशच येतो. त्यामुळे सळई तुटण्याची वेळ येण्यापूर्वी काँक्रीट निकामी होते.

या निष्कर्षाचा दुसरा भाग कमी आकर्षक असला तरी अधिक महत्त्वाचा आहे. स्लॅबचे आयुष्य अखेर काँक्रीटच्या थकव्यावर ठरत असेल, तर सळई बदलल्याने तो थकवा नाहीसा होत नाही. कमी ताठर सळईमुळे तडे अधिक रुंद उघडतात. गंजाचे भय नसल्याने संहिता अधिक रुंद तड्यांना मुभा देतात. पण पाण्याने होणारी झीज गंजावर अवलंबून नसते. पावसाळ्यात पाण्याखाली राहणाऱ्या, तडे गेलेल्या स्लॅबला जादा भाराचे ट्रक दळत राहिले, तर आतील सळई अगदी नवी असतानाही स्लॅब फुटू शकतो.

भारतासाठी खरे प्रश्न

सर्वांत मोठा प्रश्न हवामानाचा आहे. कॅनडातील समाधानकारक नमुने थंड किंवा समशीतोष्ण प्रदेशातील आहेत. काचेवर अल्काचा हल्ला उष्णता आणि ओलावा यांनी वेगवान होतो. चंद्रपूर वा बिकानेरच्या उन्हाळ्यात तापणारा आणि मंगळूर वा रत्नागिरीच्या पावसात महिनोन्महिने ओला राहणारा स्लॅब ही निराळी कसोटी आहे. त्यात थकव्याने रेझिनमध्ये सूक्ष्म भेगा पडल्या, तर अल्कालाही आत जाण्याची वाट मिळते. उष्णता, ओलावा आणि फिरते चाक या तिन्हींचा एकत्रित परिणाम भारतीय काँक्रीटमध्ये मोजल्याखेरीज परदेशी आयुर्मान इकडे उसने आणता येणार नाही.

दुसरा प्रश्न कामाच्या जागेचा आहे. आपल्याकडे फिटर गरजेप्रमाणे सळई जागेवरच वाकवतो. काचतंतूंची सळई अशी वाकवता येत नाही, तिचे बाक कारखान्यातूनच तयार होऊन यावे लागतात. ती हलकी असल्याने काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरच्या धक्क्याने वर तरंगू शकते. म्हणून जाळी खाली घट्ट बांधावी लागते. उघड्या उन्हात पडून राहिल्यास तिच्या पृष्ठभागाचे नुकसान होते. पोलादावर पोसलेली कामाची सवय बदलली नाही, तर उत्तम सळईही चुकीच्या पातळीवर बसेल.

तिसरा प्रश्न तपासणीचा आहे. गंजलेला पूल निदान तपकिरी ओघळांतून आणि खपल्यांतून बोलतो. काचतंतूंची सळई खराब झाली, तरी असा ओघळ दिसणार नाही. काँक्रीटमधील सळई चुंबकीय पद्धतीने शोधणारी नेहमीची उपकरणे तिच्यावर चालत नाहीत आणि गंजाची विद्युत-चाचणी तिला लागूच होत नाही. देशातील पुलांची नोंद ठेवणारी भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली २०१६ मध्ये सुरू झाली. अशा पुलांसाठी तिच्यात तड्यांची रुंदी, स्लॅबचा झोल, पाण्याचा निचरा आणि आसभार यांच्या नोंदींना स्वतंत्र स्थान द्यावे लागेल.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देशात मिळू शकतात. चेन्नईतील संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र आणि दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांच्याकडे थकवा आणि रस्त्यांच्या चाचण्यांचा अनुभव आहे. भारतीय काँक्रीट, भारतीय सळई आणि भारतीय आसभार यांवर फिरत्या चाकाची, ओल्या स्लॅबची चाचणी हा मानकाचा भाग झाला पाहिजे. केवळ सळई ओढून तोडण्याच्या चाचणीवर पुलाचे शतक ठरवता येत नाही. किनारी राज्यांतील काही मध्यम पुलांवर पोलाद, स्टेनलेस स्टील आणि काचतंतू असे शेजारी-शेजारी गाळे बांधावेत आणि ठरावीक वर्षांनी त्यांचे गाभे काढून निष्कर्ष जाहीर करावेत; कॅनडाने विश्वास कमावला तो याच मार्गाने. निविदेत बांधकामाच्या किमतीबरोबर दीर्घकाळच्या देखभालीचाही हिशेब मागितला, तर पर्यायांची तुलना प्रामाणिक होईल.

त्याहून स्वस्त उपाय तर आजच हाताशी आहेत. स्लॅबवरील पाणीनिरोधक थर शाबूत ठेवणे, तुंबलेल्या निचरा-नळ्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या करणे आणि जादा भाराचा ट्रक पुलावर येऊ न देणे, एवढ्यासाठी नव्या तंत्रज्ञानाची प्रतीक्षा नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपयांची तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचीही. तरतूद कठोर आहे. प्रश्न वजनकाट्यावरच्या अंमलबजावणीचा आहे. मात्सुई यांचे सूत्र येथे उलट दिशेने वाचले, तर आसभार १० टक्क्यांनी आवरल्यास स्लॅबची हानी जवळपास एक चतुर्थांशावर येते. कोणतीही सळई बदलून एवढा लाभ इतक्या लवकर पदरात पडणार नाही.

काचतंतूंच्या सळईला भारतीय पुलांवर जागा मिळायला हवी आणि खाडीकाठी ती लवकर मिळायला हवी. मांडवीचा जुना पूल ज्या दुखण्याने गेला, त्या दुखण्यावर तिच्याकडे खरे उत्तर आहे. परंतु गंज न लागणारा पूल म्हणजे अमर पूल, अशी समजूत त्यामागून आली, तर देखभालीचे पैसे आणि वजनकाट्यावरची शिस्त हेच आधी सैल होतील. सळईचा निर्णय एका निविदेत होतो. तिच्यावरून जाणाऱ्या चाकांचा हिशेब पुलाच्या आयुष्यभर ठेवावा लागतो.